विस्मृत तबकड्या आणि आपला कान

ग्रंथांची परीक्षणे वाचण्याची ह्या मासिकाच्या वाचकांस सवय आहे. तबकड्यांच्या परीक्षणाची नाही. त्यातून तबकड्या कोणत्या, तर लंडनमध्ये मुद्रित झालेल्या, गिटार, सॅक्सोफोन आणि ड्रम ह्यांनी भरलेल्या, आणि ज्यांची नावे खुद्द त्या नादाच्या शौकिनांसही चटकन आठवत नाहीत अशा. तेव्हा 'असल्या वस्तूंशी आमचा काय संबंध?' असा प्रश्न वाचकांनी आरंभीच विचारिला तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. संबंध आहे, तो निकटचा आहे, आणि तो आपण ओळखिला नाही ह्यात दोष आपला आहे, एवढेच दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा दोष आम्ही दुसऱ्याच्या पदरी घालीत नाही. तो प्रथम आमचा स्वतःचा आहे, आणि तो कबूल करूनच पुढे जाणे बरे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एक विद्यार्थी स्नेहसंमेलनापूर्वी आमच्याकडे आला. मुलगा घनसावंगीच्याच पंचक्रोशीतला. घरी वारकरी वळण, वडील भजनात पखवाज वाजवीत. त्याने कोठून तरी एक जुनी गिटार मिळविली होती. एक अभंग, मागे गिटार, आणि साथीस वडिलांचाच पखवाज, अशी त्याची योजना होती. मध्ये पाचसात मिनिटे शब्दांवाचून नुसता वाद्यांचा संवाद घालावयाचा होता. कार्यक्रमाची निवड आमच्याकडे होती. आम्ही त्यास दोन वाक्यांत वाटेस लाविले. 'हे संगीतही नव्हे आणि भक्तीही नव्हे. धड एक काही तरी कर.' तो काही बोलला नाही. संमेलनात त्याने काहीच केले नाही.

गेल्या वर्षी त्याचे पुण्याहून पत्र आले. पत्रात तक्रार नव्हती. चारपाच मुद्रिकांची नावे होती आणि 'सर, सवड मिळाल्यास ऐकाव्या' एवढी विनंती होती. हल्ली तबकडी शोधीत हिंडावे लागत नाही. खिशातील फोनवर जगातील निम्मे संगीत सापडते. उसाच्या मोसमातल्या रात्री, रस्त्याने गाड्यांची रीघ चाललेली असता, आम्ही त्या मुद्रिका एकामागून एक ऐकिल्या, पुन्हा ऐकिल्या, आणि त्यानंतर त्यांच्या आगेमागे असलेल्या आणखी काही शोधून काढिल्या. हा लेख त्या श्रवणाचे फळ होय.

प्रथम नामाभिधानाचा खुलासा. १९६७ ते १९७५ ह्या सात-आठ वर्षांत इंग्लंडात रॉक संगीताचा एक पंथ निघाला, त्यास 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात. तीन मिनिटांच्या नाचगाण्याचा कंटाळा आलेल्या तरुणांनी लांब, अनेक खंडांच्या रचना करण्यास आरंभ केला. पाच, सात, अकरा अशा विषम मात्रांची आवर्तने घेतली. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून एकच कल्पना मांडण्याची प्रथा पाडिली. आणि जाझ, पाश्चात्त्य अभिजात संगीत व पूर्वेकडील संगीत ह्यांतून जे रुचले ते उचलिले. किंग क्रिम्झन ह्या मंडळीची १९६९ सालची पहिली मुद्रिका ह्या पंथाचा आरंभस्तंभ समजली जाते. यस, पिंक फ्लॉइड, जेनेसिस ही नावे पुढे जगभर झाली. ती नावे आम्ही येथे घेतो ती केवळ तुलनेसाठी.

तुलना अशी. यस ह्या मंडळीने १९७३ साली चार बाजूंची, प्रत्येक बाजूस एकच दीर्घ रचना असलेली एक प्रचंड मुद्रिका प्रसिद्ध केली. तिची मूळ प्रेरणा काय, तर परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातील शास्त्रांविषयीची एक तळटीप! तळटिपेवरून महाल उभारणे हेही एक कर्तृत्वच आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याच लंडन शहरात, त्याच सुमारास, मुंबईहून आलेले काही वादक तळटीप सोडून मूळ संहितेवरच काम करीत होते, आणि त्यांच्या तबकड्या मात्र धूळ खात पडल्या. एकीची लक्षावधींनी विक्री व्हावी आणि दुसरी तीस वर्षे कोठीबाहेर येऊ नये, ह्याची मीमांसा केवळ गुणांच्या तारतम्याने होत नाही.

गुणांकडे वळण्यापूर्वी कसोटी निश्चित केली पाहिजे. दोन संगीतांच्या मिश्रणाविषयी बोलताना आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक 'वा, काय संगम!' आणि दुसरा 'शी, काय भेसळ!' दोहोंतही ऐकण्याचे श्रम वाचतात. खरा प्रश्न निराळा आहे. आपल्या संगीतात षड्ज अचल असतो. तंबोऱ्याने तो एकदा धरिला, की गवयाने कितीही भराऱ्या मारिल्या तरी घर तेथेच राहते. पाश्चात्त्य पद्धतीत स्वरसमूह, म्हणजे ज्यास ते कॉर्ड म्हणतात, सतत बदलतात आणि त्यांच्याबरोबर घरच हलते. अचल घर आणि हलते घर ह्यांचा मेळ कसा घालावयाचा, हा मिश्रण करणाऱ्यापुढील पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न तालाचा. आपला ताल चक्राकार आहे, समेवर परत येणारा. त्यांचा सरळ पुढे जाणारा. जी रचना ह्या दोन प्रश्नांस उत्तर देते ती रचना. जी त्यांस टाळून सतारीचा एखादा झणत्कार वर शिंपडते ती केवळ सजावट. बीटल्सच्या काळापासून सजावटीचा सुकाळ झाला; रचना थोड्या झाल्या. त्या थोड्यांचाच येथे विचार आहे.

मिश्रण म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी आपल्याच घराकडे एकदा पाहावे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनय' नाटकात (१८९६) पारशी रंगभूमीच्या चाली आणिल्या तेव्हा कोण गहजब झाला! पुढे त्याच वळणाची पदे घरोघरी झाली. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' ह्या नाटकासाठी केशवराव भोळ्यांनी नव्या धर्तीच्या चाली दिल्या, आणि भोळे हे स्वतः शास्त्रोक्त संगीताचे मर्मज्ञ टीकाकार होते. पेटी तर युरोपातून आलेली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बाहेरचा रस्ता दाखविला. परंतु आमच्या तालुक्यातील एकाही भजनी मंडळाने ती खाली ठेविल्याचे ऐकिवात नाही. व्हायोलिन आपण आपलेसे केले. मग गिटारच्याच वाट्यास सोवळे का?

आता मुद्रिकांकडे येऊ. कालानुक्रमाने पहिली 'इंडो-जाझ स्वीट'. ही १९६५ साली मुद्रित झाली. जॉन मेयर हा कलकत्त्याचा अँग्लो-इंडियन व्हायोलिनवादक व रचनाकार. जो हॅरियट हा जमेकात जन्मलेला सॅक्सोफोनवादक. ह्या दोघांनी पाच जाझवादक एका बाजूस आणि मेयरची पाचांची मंडळी दुसऱ्या बाजूस असा संच उभा केला. सतारीवर दिवाण मोतीहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर आणि तबल्यावर केशव साठे. शेवटची दोन आडनावे वाचून मराठी वाचकाच्या भुवया उंचावाव्या; आमच्या उंचावल्या. केशव साठे ह्यांचा जन्म १९२८ साली मुंबईस झाला. १९५० नंतरच्या दशकात ते इंग्लंडात गेले, तेथेच राहिले, आणि २०१२ साली निवर्तले. ह्या लेखात त्यांचे नाव पुन्हापुन्हा येणार आहे.

'स्वीट'मध्ये चार रचना आहेत. पैकी दोहोंची नावेच 'राग मेघ' आणि 'राग गौड सारंग' अशी आहेत. मेयरने रागाचे आरोहावरोह कसोशीने सांभाळिले आहेत. परंतु आमचे स्पष्ट मत असे, की ही मुद्रिका आदरणीय आहे, रमणीय नाही. दोन पाहुणे एका बैठकीत आणून बसविले, दोघांनी पाळीपाळीने भाषणे केली, टाळ्या झाल्या, आणि आपापल्या वाटेने गेले, तसा तिचा प्रकार आहे. सतारीचा खंड संपला की सॅक्सोफोनचा सुरू होतो, सांधा दिसतो. मेघ राग ऐकताना, ज्या मुलखात पावसाची वाट पाहणे हाच आयुष्याचा अर्धा धंदा आहे त्या मुलखातल्या आमच्यासारख्या श्रोत्यास ढग दाटल्यासारखे काही वाटत नाही. रागाचे व्याकरण तेवढे कानावर पडते. तथापि तबल्याचे जेथे जेथे ड्रमशी गूळपीठ जमते तेथे बैठक एकदम जिवंत होते. साठ्यांचा ठेका आग्रही नाही. ते ड्रमवाल्यास जागा देतात आणि समेवर त्यास हळूच हात धरून आणतात. पुढील 'इंडो-जाझ फ्यूजन्स' ह्या १९६७ व १९६८ सालच्या दोन मुद्रिकांत ही सफाई वाढलेली आहे. त्यांतील एक तुकडा बी.बी.सी.च्या एका कौटुंबिक प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमाचे शीर्षकसंगीत झाला. म्हणजे इंग्लंडातील घराघरांत एका मराठी माणसाचा तबला कित्येक वर्षे नियमाने वाजत होता, आणि त्याचे नाव आपल्या घरांत कोणास ठाऊक नव्हते!

'स्वीट'चे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. तीत बेस वाजविणारा रिक लेअर्ड हाच पुढे १९७१ साली जॉन मॅकलॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात गेला. आणि मॅकलॉफलिननेच त्यानंतर उस्ताद झाकीर हुसेन ह्यांच्यासह 'शक्ती' हा संच काढिला. त्या दोन्ही संचांची कीर्ती सर्वश्रुत आहे. गंगेचे पात्र सर्वांनी पाहिले. गोमुखाकडे कोणी गेले नाही.

दुसरी मुद्रिका जर्मनीतील. १९६७ च्या ऑक्टोबरात फिलिंगेन ह्या गावी 'जाझ मीट्स इंडिया' मुद्रित झाली. स्विस पियानोवादिका इरेन श्वायट्सर आणि तिचे सोबती एका अंगास. मोतीहार, साठे आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर दुसऱ्या अंगास. रचना तीनच. एकीचे नाव 'याद', आणि एकीचे 'ब्रिगाख उंड गांगेस'. ब्रिगाख ही त्या गावाजवळून वाहणारी लहानशी नदी. ही मुद्रिका 'स्वीट'हून रानटी आहे आणि म्हणूनच अधिक प्रामाणिक आहे. येथे कोणी कोणाचे व्याकरण सांभाळीत नाही. तंबोरा षड्ज धरून आहे आणि त्यावर पियानो दगड फेकावे तसे स्वर फेकितो. प्रथम कान मिटून घ्यावेसे वाटतात. परंतु दुसऱ्यांदा ऐकिले असता एक गोष्ट ध्यानात येते. अचल घराचा प्रश्न ह्यांनी कॉर्डच टाकून देऊन सोडविला आहे! घर एकच ठेविले आणि त्यात वादळ सोडिले. उत्तर टोकाचे आहे. पण उत्तर आहे. ह्या संचातील ड्रमवादक मानी नॉयमायर आणि बेसवादक उली ट्रेप्टे ह्यांनी पुढच्याच वर्षी 'गुरु गुरु' नावाची मंडळी स्थापन केली, आणि जर्मन प्रायोगिक रॉकच्या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे. त्या नावातील दोन्ही गुरू कोठून आले असतील, ह्याचा तर्क वाचकांनीच करावा.

ह्या दोन्ही मुद्रिकांत आपण पाहुणे आहो. तिसऱ्या माणसापासून आपण यजमान होतो. आमान्सिओ डिसिल्वा ह्याचा जन्म मुंबईस, १९३६ साली, गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात झाला. गिटार तो आपली आपणच शिकला. जयपूरच्या महाराणींनी त्याचे वादन ऐकून त्यास एक उत्तम गिटार घेऊन दिली असे सांगतात. 'महाराणी' व 'जयपूर' ह्या त्याच्या रचनांची नावे त्या दिवसांची साक्ष देतात. १९६७ साली तो लंडनला गेला, आणि दोनच वर्षांत 'इंटिग्रेशन' व 'हम दोनो' ह्या दोन मुद्रिका देऊन बसला. दोन्ही १९६९ च्या; ज्या वर्षी किंग क्रिम्झनचा डंका वाजला, त्याच वर्षीच्या.

'हम दोनो'तील दोघे म्हणजे आमान्सिओ आणि तोच जो हॅरियट. परंतु हॅरियट येथे ओळखू येत नाही, इतका निवळला आहे. 'स्वीट'मध्ये दुसऱ्याने लिहिलेला राग तो वाचीत होता. येथे आमान्सिओच्या सुरावटीवर तो मनापासून गातो. नॉर्मा विन्स्टन हिचा आवाज शब्दांवाचून, केवळ स्वर म्हणून, गिटार व सॅक्सोफोन ह्यांच्या जोडीने चालतो. आपल्या वाचकांस ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. आलापीत शब्द नसतात, आणि गाणाऱ्याच्या मागोमाग सारंगी तोच सूर उमटविते, हे आपण लहानपणापासून ऐकीत आलो. आमान्सिओने मेळाचा प्रश्न असा सोडविला आहे, की सुरावट पुढे आणि कॉर्ड मागे. कॉर्ड बदलतात, पण थोडे आणि संथपणे; घर हलत नाही, फक्त खिडकीतील उजेड बदलतो. ह्यातील 'बॅलड फॉर गोवा' ही रचना आम्हांस सर्वांत श्रेष्ठ वाटते. गोव्याचे नाव घेऊन तीत समुद्राच्या लाटा नाहीत, नारळीची झाडे नाहीत, प्रवाशांस भुलविणारे काही नाही. आठवण जशी अर्धवट येते आणि अर्धवटच जाते, तशी ती सुरावट येते व जाते.

हे त्यास कसे साधले? आमचा तर्क असा, की गोमंतकीयास हे शिकावे लागत नाही. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरांस पाश्चात्त्य स्वरलेखन पिढ्यान्‌पिढ्या शिकविले जात असे. आणि त्याच पोरांच्या घरी कोंकणी गाणी चालत. एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो हा गीतप्रकार पाहावा: शब्द कोंकणी, सूरमेळ पोर्तुगीज वळणाचा, साथीस व्हायोलिन आणि घुमट. लंडनच्या टीकाकारांस जो अभूतपूर्व संगम वाटला तो मडगावच्या लग्नघरात कधीचाच होऊन चुकला होता. आमान्सिओने दोन परक्या वस्तू जोडिल्या नाहीत. त्याच्या कानात त्या वेगळ्याच नव्हत्या.

१९७२ साली 'कॉस्मिक आय' ह्या नावाखाली 'ड्रीम सीक्वेन्स' ही त्याची मुद्रिका निघाली. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या व्याख्येत पूर्णपणे बसणारी ही पहिली: सर्व तबकडी मिळून स्वप्नाची एकच कल्पना, गिटारीचा विजेचा आवाज, सतार, तबला, आणि एका खंडातून दुसऱ्यात नकळत होणारा प्रवेश. आमच्या मते तीत मधला भाग सैल पडला आहे. स्वप्नात क्रम नसतो हे खरे. परंतु श्रोत्यास जागे ठेवण्याची जबाबदारी रचनाकारावर असतेच. तरीही तिच्या आरंभीची दहा मिनिटे त्या काळच्या कोणत्याही नामांकित मुद्रिकेच्या शेजारी निःशंकपणे ठेवावी.

ह्या मालिकेतील शेवटची 'कोंकण डान्स', आणि ह्या लेखाचे खरे निमित्तही तीच. १९७२ च्याच सुमारास ती मुद्रित झाली, पण बाजारात आली नाही. फिती कोठीत राहिल्या. जो हॅरियट १९७३ साली विपन्नावस्थेत वारला. आमान्सिओ १९९६ साली गेला. आणि तबकडी प्रथम बाहेर पडली ती २००६ साली, कर्त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. आम्ही घनसावंगीस राहणारे. कोंकण येथून दूर, आणि आमच्या शेजाऱ्यांपैकी कित्येकांनी समुद्र पाहिलेला नाही. तरीही ह्या तबकडीचे नाव प्रथम वाचिले तेव्हा आम्हांस एकदम लाज वाटली. परदेशी चाहत्यांनी शोधून काढावी, मुद्रित करावी, जतन करावी, आणि जिच्या नावातच आपली भूमी आहे ती आपण ऐकूही नये!

ह्या मुद्रिकेत 'ड्रीम सीक्वेन्स'चा सैलपणा नाही. नाचाची लय आरंभापासून पायात भरते. ठेका पुन्हापुन्हा त्याच जागी येतो आणि दर वेळी गिटारीची सुरावट त्यावर थोडी निराळी उतरते. आमान्सिओ येथे पुढे पुढे करीत नाही. थोड्या स्वरांत पुष्कळ वेळ राहण्याचे धैर्य त्यास आले आहे. आणि हे धैर्य वाद्यावर हुकमत आल्याखेरीज येत नाही. ताल आणि पुढे जाणारी गती ह्यांचा झगडा येथे मिटला आहे: चक्र फिरतेही आणि गाडी पुढेही जाते. ज्यास 'रचना' म्हणावे असे आम्ही वर म्हटले, तिचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडले नाही.

मुंबईतच राहून ज्यांनी प्रयत्न केले त्यांचा उल्लेख थोडक्यात करितो, कारण तेथे सामग्री विरळ आहे. नेवरे येथील सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस ह्यांची १९७० सालची 'रागा रॉक' ही छोटी तबकडी लहान असूनही कसदार आहे. एका सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरविलेल्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० व १९७१ सालच्या दोन तबकड्यांत देशभरच्या तरुण मंडळींचे उत्साही वादन आहे. परंतु बहुतेक सारे परक्या आवाजात बोलण्याची हौस. 'ॲटॉमिक फॉरेस्ट' ह्या मंडळीची 'ऑब्सेशन ७७' पुढे १९८१ साली निघाली आणि हल्ली परदेशी संग्राहक तिला फार किंमत देतात. आम्ही ती लक्षपूर्वक ऐकिली. वादन तडफदार आहे. पण तिच्यातील बऱ्याच रचना दुसऱ्यांच्या आहेत. दुर्मिळपणा हा गुण नव्हे, हे संग्राहकांनी विसरू नये. अलीकडच्यांपैकी 'कोशिश' ह्या मुंबईच्या मंडळीची 'फिरदौस' (२०१३) ही हिंदी मुद्रिका एकच कल्पना आद्यंत निभावून नेते, म्हणून तिची येथे नोंद करून ठेवितो.

आता आक्षेप. पहिला असा, की हे संगीत समजण्यास पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण लागते आणि ते खेड्यापाड्यांतल्या श्रोत्यास कोठले? आमचा अनुभव अगदी उलट आहे. पिंक फ्लॉइडचे १९७३ सालचे एक प्रसिद्ध गीत सात मात्रांत बांधिलेले आहे, ह्याचे इंग्रजी टीकाकारांस आजही कौतुक वाटते. आपल्याकडे रूपकाच्या सात मात्रा भजनातला पोरगा बोटांवर न मोजता धरितो; झपतालाच्या दहा मात्रांत त्याची मान समेवर बरोबर पडते. विषम लयीचे जे दार युरोपीय श्रोत्यास ढकलून उघडावे लागते ते आपल्यासाठी उघडेच आहे. आम्ही ह्या मुद्रिका प्रथम ऐकिल्या तेव्हा शेजारचे एक वृद्ध टाळकरी ओट्यावर येऊन बसले होते. वर्षानुवर्षे रामनवमीस जांबेस, समर्थांच्या जन्मगावी, उत्सवास जाणारे ते गृहस्थ. 'कोंकण डान्स' संपल्यावर ते म्हणाले, 'पेटीवाला नाही, पण तबलजी आपला आहे.' त्यांस नाव कोणी सांगितले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ह्या पंथाच्या आसपास त्या काळी व्यसने होती, बेताल वागणूक होती, आणि पूर्वेच्या अध्यात्माचा स्वस्त बाजार होता. हे सर्व खरे आहे. पण ज्यांचा आम्ही परामर्श घेतला ते वादक त्या बाजारातले नव्हेत. ते पोटासाठी आणि विद्येसाठी परदेशी राहिलेले कारागीर होते. केशव साठ्यांनी १९७० नंतरच्या दशकात जॉन रेनबोर्न ह्या इंग्रज गिटारवादकाच्या संचात तबला वाजविला; त्या संचाची १९७७ सालची 'अ मेड इन बेडलम' ही मुद्रिका जुन्या इंग्रजी लोकगीतांची आहे. ती ऐकताना तबला परका आहे असे एकदाही वाटत नाही. ज्याचे वाद्य परक्या लोकगीतात इतक्या विनयाने शिरते त्याच्यावर उथळपणाचा आरोप करणे अन्याय होय.

मग हे विस्मृतीत का गेले? कारण सरळ आहे. जाझवाल्यांस ते पुरेसे जाझ वाटले नाही, रॉकवाल्यांस पुरेसे रॉक नाही, आणि आपणांस ते आपले वाटले नाही. ज्या वस्तूचे कपाट ठरलेले नसते ती आधी जमिनीवर पडते आणि नंतर पायाखाली येते. टीकाकाराचे काम अशा वस्तू उचलून पाहण्याचे असते. ज्यास 'धड एक काही तरी कर' एवढेच सांगता येते त्याने कपाटे लावावी, टीका करू नये. हे वाक्य आम्ही कोणास उद्देशून लिहीत आहो ते वाचकांस सांगावयास नको.

ज्या कुटुंबांस ऐकण्याची इच्छा होईल त्यांच्यासाठी क्रम सुचवितो. आरंभ 'हम दोनो'तील 'बॅलड फॉर गोवा'पासून करावा. रात्री, जेवणे झाल्यावर, एकदाच. दुसऱ्या दिवशी 'कोंकण डान्स' संपूर्ण. मग 'इंडो-जाझ फ्यूजन्स', केवळ तबल्याकडे लक्ष देऊन. 'ड्रीम सीक्वेन्स' सावकाशीने. 'जाझ मीट्स इंडिया' सर्वांत शेवटी, आणि घरात कोणी आजारी नसताना! घरात गाणारे मूल असल्यास त्यास जवळ बसवावे, आणि ते काय म्हणते ते आपले मत देण्यापूर्वी ऐकून घ्यावे.

आमच्या त्या विद्यार्थ्यास आम्ही उत्तर लिहिले. मुद्रिकांविषयीचे आमचे मत कळविले, आणि गिटार अजून आहे काय, असे विचारिले. उलट टपाली उत्तर आले. गिटार त्याने कॉलेज सुटल्यावर विकली. वडील तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा पखवाज मात्र घरी भिंतीला टांगलेला आहे, आणि त्याची दहा वर्षांची मुलगी अधूनमधून तो काढून वाजविते. ह्या दिवाळीत तो गावी येणार आहे. त्या अभंगाच्या मध्ये जी पाचसात मिनिटे त्यास घालावयाची होती ती कशी होती, हे त्याने आम्हांस तोंडाने तरी गाऊन दाखवावे, अशी विनंती आम्ही त्यास केली आहे. त्याने अद्याप होय म्हटलेले नाही.